रक्ताची वाट
(आपल्या समाजाच्या परंडे येथील वार्षिक संमेलनात झालेले भाषण. स्मरणिकेसाठी वक्त्यांनी स्वतः लिहून दिले आहे.)



या संमेलनात चार शब्द बोलावेत अशी चालक मंडळींनी आम्हांस आज्ञा केली आणि विषयाची निवड आमच्यावरच सोपविली. विद्यार्थ्यांचे वसतिगृह, विवाहातील खर्च, तरुणांचा उद्योगधंदा या विषयांवर आमच्याहून अधिकारी माणसे येथे बोलून गेली आहेत. आम्ही आज सुईविषयी बोलणार आहोत. हे ऐकून काहींच्या मुखावर स्मित उमटले, ते आम्हांस दिसले. परंतु ज्या घरात मूत्रपिंडाच्या विकाराने ठाण मांडले आहे, त्या घरातील कोणीही हसले नसेल, हेही आम्ही जाणतो.

आम्ही वैद्य नव्हे. आमचा सारा जन्म शाळेत गणित शिकविण्यात गेला. परंतु आमचे वडील बंधू सहा वर्षे डायलिसिसवर, म्हणजे कृत्रिम मूत्रपिंडाच्या आधारावर जगले. त्या सहा वर्षांत आम्ही जे पाहिले, डॉक्टरांना विचारून जे समजून घेतले, आणि मुख्य म्हणजे आमच्या हातून ज्या चुका झाल्या, त्यांचा हिशोब ज्ञातिबांधवांपुढे मांडणे हे आम्ही कर्तव्य समजतो.

प्रथम गणितच सांगतो. दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली म्हणजे रक्तातील मळ आणि जादा पाणी यंत्राने काढावे लागते. हे काम साधारणतः आठवड्यातून तीनदा आणि प्रत्येक वेळी सुमारे चार तास चालते. प्रत्येक खेपेस दोन सुया टोचतात. एकीने रक्त यंत्राकडे जाते, दुसरीने शुद्ध होऊन परत येते. म्हणजे वर्षाला ३१२ सुया झाल्या. आणि ही सुई आपण ताप आल्यावर घेतो त्या इंजेक्शनाची नव्हे. ती दीड मिलिमीटरहून अधिक जाड असते. पाहणाऱ्यास गोणपाट शिवण्याच्या दाभणाची आठवण व्हावी. कारण मिनिटाला पाव लिटर किंवा त्याहूनही अधिक रक्त तिच्यातून वाहावे लागते. आपल्या मनगटावर जी निळसर शीर दिसते, तिच्यातून इतके रक्त मिळत नाही. ज्या धमनीतून ते मिळेल, ती खोल असते आणि तिला वारंवार टोचणे धोक्याचे असते. यंत्र तयार आहे, औषध तयार आहे, पण रक्तापर्यंत पोहोचण्याची वाट नाही, असा हा पेच आहे.

या पेचाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. हॉलंडमधील कांपेन या गावी विलेम कोल्फ नावाच्या डॉक्टरांनी दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४३ साली, लाकडी पट्ट्यांच्या पिंपाभोवती सेलोफेनची नळी गुंडाळून कृत्रिम मूत्रपिंड उभे केले. १९४५ साली ६७ वर्षांची एक स्त्री त्या यंत्रामुळे वाचली. परंतु प्रत्येक खेपेस रक्तवाहिनी नव्याने कापून उघडावी लागे. वाहिन्या संपल्या की उपचारही संपला. म्हणून हे यंत्र थोड्या दिवसांच्या आजारापुरतेच उपयोगी पडे. १९६० साली अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हाताच्या धमनीत एक आणि शिरेत एक अशा टेफ्लॉनच्या दोन नळ्या कायमच्या बसविल्या आणि त्या हाताबाहेर एकमेकींस जोडल्या. त्यांचा पहिला रोगी क्लाइड शील्ड्स त्यानंतर अकरा वर्षे जगला. मरणाच्या दारातील माणूस अकरा वर्षे जगतो, ही गोष्ट त्या काळी अपूर्व होती. परंतु हाताबाहेर राहिलेली नळी रक्ताने गोठे, पिकत असे, किंवा निसटे.

पुढचे पाऊल १९६६ साली जाहीर झाले, आणि ते इतके साधे होते की आधी कोणास कसे सुचले नाही याचे नवल वाटते. न्यूयॉर्कमधील एका रुग्णालयात ब्रेशिया आणि सिमिनो या डॉक्टरांनी व त्यांचे शल्यवैद्य अ‍ॅपेल यांनी बाहेरची नळी टाकूनच दिली. मनगटाजवळची धमनी आणि तिच्या शेजारची शीर त्यांनी त्वचेखाली एकमेकींस शिवून टाकली. धमनीचे जोरकस रक्त शिरेत शिरू लागले, त्या जोराने शीर काही आठवड्यांत फुगली, तिची भिंत जाड झाली, आणि सुई सहज घेऊ लागली. यांतील सिमिनो यांनी विद्यार्थिदशेत रुग्णालयात रोग्यांचे रक्त काढण्याची नोकरी केली होती. शिरेचा स्वभाव त्यांना हाताने ठाऊक होता. हलके म्हणून समजले जाणारे कामही मन लावून केले तर ते कोठवर नेते, हे आमच्या तरुण बांधवांनी ध्यानी घ्यावे. या जोडणीस इंग्रजीत फिस्च्युला म्हणतात आणि आपल्याकडील रोगीही तोच शब्द वापरतात. आज साठ वर्षे होत आली, तरी तिच्याहून चांगली वाट सापडलेली नाही.

आपल्या राज्यातील एक प्रसंग जुन्या मंडळींना आठवत असेल. १९७५ च्या नोव्हेंबरात, आणीबाणीच्या स्थानबद्धतेतून सुटलेले जयप्रकाश नारायण मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आले, तेव्हा त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती. त्यानंतर १९७९ च्या ८ ऑक्टोबरला पाटण्यास त्यांचे निधन झाले तोवर, म्हणजे जवळजवळ चार वर्षे, ते डायलिसिसवर होते. त्यांच्या यंत्रासाठी सामान्य लोकांनी लहान लहान वर्गण्या दिल्या होत्या. त्या काळी ज्या उपचारासाठी एवढ्या मोठ्या पुरुषालाही लोकवर्गणी लागली, तो आज तालुक्याच्या ठिकाणापर्यंत येऊन पोहोचला आहे.

आता आमच्या घरची गोष्ट सांगतो. बंधूंना मधुमेह होता. डायलिसिस लागण्यापूर्वी वर्षभर डॉक्टरांनी सांगितले होते की डाव्या हातावर फिस्च्युला करून घ्या. ती तयार होण्यास दीड ते तीन महिने लागतात, कधी अधिकही. वेळेवर केलेली बरी. आम्ही घरी येऊन विचार केला. दुखत नाही, खुपत नाही, मग चांगल्या हातावर शस्त्र कशास चालवावे? शिवाय फिस्च्युला केली म्हणजे डायलिसिसला आपण होऊन आमंत्रण दिले, असे घरातील एकाने म्हटले, आणि ते सर्वांना पटले. हे म्हणणारे आम्हीच होतो.

त्या वर्षभरात बंधू दोनदा तापाने रुग्णालयात राहिले. दोन्ही वेळा सलाईनसाठी त्यांच्या हाताच्या शिरा जागोजागी टोचल्या गेल्या. कोणी अडविले नाही, कारण अडवावे हे आम्हांस ठाऊक नव्हते. मग पावसाळ्यातील एका रात्री त्यांना धाप लागली; गाडी करून शहरात न्यावे लागले आणि मानेतील मोठ्या शिरेत नळी घालून डायलिसिस सुरू करावे लागले. दीड महिन्याने त्या नळीवाटे रक्तात जंतू शिरले आणि हुडहुडी भरून ताप आला. मनगटावरची पहिली फिस्च्युला धरलीच नाही. शिरा आधीच खराब झाल्या होत्या. कोपराजवळची दुसरी छान चालू लागली होती, तर दुसऱ्याच एका कारणासाठी एका रुग्णालयात गेलो असता तेथे त्याच हातावर रक्तदाब मोजण्याचा पट्टा आवळला गेला, आणि संध्याकाळी हात मुका झाला. त्या कामगारास दोष देण्यात अर्थ नाही. त्याला सांगणे आमचे काम होते.

हात मुका झाला, असे आम्ही म्हटले. त्याचा अर्थ सांगितला पाहिजे. चालती फिस्च्युला हाताला लागते; बोट ठेवले की मांजर घुरघुरावे तशी थरथर जाणवते, आणि कान लावला की दूर कोठे जाते फिरत असल्यासारखी घरघर ऐकू येते. तिसरी फिस्च्युला दंडात झाली. तेव्हापासून आमच्या वहिनी रोज पहाटे देवाजवळ दिवा लावून झाला की बंधूंच्या दंडावर हात ठेवीत आणि विचारीत, “वाजतंय ना?” हात त्यांचाच ठेवलेला असे, थरथर त्यांनाच कळत असे, तरीही विचारीत. बंधू म्हणत, “वाजतंय.” मग घरात चहा होई. सहा वर्षांतील बहुतेक सकाळी अशाच उजाडल्या.

या तिसऱ्या फिस्च्युलेच्या वेळी आजच्या विषयाशी आमची गाठ पडली. दंडातील शीर जाड होती, वाहती होती, पण खोल होती. सुई टोचणाऱ्यास ती सापडत नसे. कधी दोनदा, कधी तीनदा टोचावे लागे. रक्त आत साकळून दंड काळानिळा होई. शेवटी दुसरी शस्त्रक्रिया करून ती शीर उचलून त्वचेजवळ आणावी लागली. त्या वेळी डॉक्टरांनी आम्हांस समजावून सांगितले ते येथे सांगतो.

ते म्हणाले, “गुरुजी, तुम्ही परंड्याचे. तुमच्या किल्ल्यात शिरायचे तर माणूस कोठून शिरतो?” आम्ही म्हटले, “दरवाजाने.” “बरोबर. रोज तटाला नवे खिंडार पाडून शिरू लागला तर तट किती दिवस टिकेल?” आपला भुईकोट लहानपणापासून आमच्या डोळ्यांपुढे आहे, खंदक आणि बुरूज पाहतच आम्ही वाढलो, त्यामुळे हा दृष्टान्त आमच्या मनात पक्का बसला.

सुई टोचण्याच्या मुख्य रीती दोन आहेत. पहिली शिडीची रीत. शिरेच्या लांबीभर, शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे, दर खेपेस थोडे पुढे टोचीत जायचे आणि शेवटी पोहोचले की पुन्हा आरंभापासून यायचे. यात कोणत्याही एका जागेवर भार पडत नाही. परंतु त्यासाठी शीर लांब आणि वरवर असावी लागते. टोचणारा आळस करून सोयीच्या वीतभर जागेतच पुनःपुन्हा टोचू लागला, तर तेथील भिंत दुबळी होऊन फुगवटा येतो. आणि तो फुटला तर जिवावर बेतते.

दुसरी काजाची रीत. पोलंडमध्ये १९७० च्या दशकात त्वार्दोव्स्की नावाच्या डॉक्टरांपुढे असा एक रोगी होता, की ज्याच्या हातावर टोचण्याजोगी जागाच थोडी उरली होती. त्यामुळे सुई पुनःपुन्हा त्याच ठिकाणी टोचली गेली. अपेक्षेविरुद्ध असे दिसले की टोचणे दिवसेंदिवस सोपे होत आहे. कान टोचल्यावर छिद्राला जशी कायमची वाट पडते, तद्वत त्वचेपासून शिरेपर्यंत एक बारीक बोगदा तयार झाला होता. एकाच ठिकाणी, एकाच कोनात, एकाच खोलीपर्यंत आठ-दहा वेळा धारदार सुई गेली की पुढे बोथट सुई त्याच वाटेने सरकविता येते. सदऱ्याच्या काजात बटण जावे तशी ती जाते, म्हणून हे नाव पडले.

परंतु या रीतीत दोन अडचणी आहेत. वाट पडेपर्यंत टोचणारा हात शक्यतो एकच असावा लागतो. आपल्याकडे केंद्रातील तंत्रज्ञ बदलत असतात. प्रत्येकाचा कोन निराळा, म्हणून बोगदा वाकडातिकडा होतो. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. कायमचा दरवाजा ठेवला की पहारा ठेवावा लागतो. त्या छिद्रावर धरलेली खपली प्रत्येक खेपेस नीट भिजवून, पूर्णपणे काढून, जागा जंतुनाशकाने स्वच्छ केली नाही, तर तीच घाण सुईबरोबर रक्तात जाते. काजाच्या रीतीत जंतुसंसर्ग अधिक होतो, असे पुष्कळ ठिकाणी आढळून आले आहे. म्हणून ती सर्वांस सरसकट सुचविली जात नाही.

येथे शल्यविद्येने एक नवी युक्ती काढली. अमेरिकेत २०१० नंतरच्या दशकात टायटॅनियम धातूचे एक लहानसे साधन वापरात आले. आकाराने ते पंख पसरलेल्या नरसाळ्यासारखे. शल्यवैद्य ते त्वचेखाली, थेट शिरेच्या वरच्या अंगाला, पंखांच्या कडांनी शिवून बसवितो. शिरेच्या पोकळीत ते शिरत नाही. तिच्या पाठीवर बसून राहते. टोचणारा बोटांनी चाचपून नरसाळ्याची कड ओळखतो, आणि सुई त्याच्या तोंडात गेली की उतरत्या भिंतीच आपोआप तिला शिरेच्या ठरलेल्या बिंदूवर नेतात. हात बदलला तरी वाट बदलत नाही. ज्यांची शीर खोल आहे, ज्यांचे अंग स्थूल आहे, त्यांच्यासाठी ही युक्ती योजलेली होती. किल्ल्याच्या दरवाजाला दगडी चौकट बसवावी, तसे हे झाले.

असेच दुसरे साधन आपल्यापैकी काही घरांनी जवळून पाहिले असेल. कर्करोगाच्या रोग्यास महिनोन् महिने औषध शिरेतून द्यावे लागते. त्यासाठी छातीवर, गळ्याच्या हाडाखाली, त्वचेच्या आत एक डबी बसवितात. तिला केमोपोर्ट म्हणतात. डबीचे झाकण सिलिकॉनचे असते, ते शेकडो वेळा टोचले तरी आपले आपण मिटते. आणि तिच्या तळापासून निघालेली नळी हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत उघडते. तिला खास सुई लागते, आणि वापर नसतानाही ती वेळोवेळी औषधी द्रवाने धुऊन घ्यावी लागते.

कर्करोगाचा उल्लेख निघाला म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते. बार्शीस १९८७ साली आपल्या देशातील ग्रामीण भागाची पहिली कर्करोग नोंदवही सुरू झाली, आणि तिच्यात बार्शी व भूम यांबरोबर आपल्या परंडा तालुक्याची गावे आहेत. पुढे आपल्या जिल्ह्यातील १,३१,७४६ स्त्रियांना सामावून घेणारा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास १९९९ साली सुरू झाला. त्याचा निष्कर्ष २००९ साली जगापुढे आला: योग्य वयात एकदाच केलेल्या विषाणूच्या तपासणीने त्या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. आपल्या खेड्यापाड्यांतील आयाबहिणींनी जगाला शिकविलेला हा धडा आहे. त्याचे सार एवढेच की वेळेवर केलेली लहान गोष्ट अवेळी केलेल्या मोठ्या गोष्टीहून श्रेष्ठ ठरते.

मूत्रपिंडाच्या बाबतीतही आमचे म्हणणे हेच आहे. ती टायटॅनियमची चौकट आमच्या प्रत्यक्ष पाहण्यात कधी आली नाही. परंतु तिच्याविषयी ऐकले तेव्हा आम्ही डॉक्टरांना विचारले, “ही मिळाली असती तर आमच्या बंधूंचे हाल वाचले असते काय?” डॉक्टर क्षणभर थांबले आणि म्हणाले, “दंडाच्या वेळचे थोडे वाचले असते. पण गुरुजी, ती बसविण्यास आधी शीर लागते. मनगटाची शीर वेळेवर वापरली असती, तर दंडापर्यंत येण्याची वेळच कदाचित आली नसती.” हे उत्तर आम्हांस लागले, कारण ते खरे होते. कितीही कुशल साधन निघो, ते सुईला वाट दाखवील. नसलेली शीर निर्माण करणार नाही. शीर राखणे हे रोग्याच्या आणि त्याच्या घरच्यांच्या हातचे काम आहे.

यास्तव ज्ञातिबांधवांस आमची हात जोडून विनंती आहे. ज्यांना मधुमेह वा रक्तदाबाचा विकार आहे, त्यांनी वर्षातून एकदा तरी लघवीतील प्रथिने आणि रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्यावे. दुखणेनाशक गोळ्या मनाने खाऊ नयेत. मूत्रपिंड दुबळे झाल्याचे ज्यांना एकदा कळले, त्यांनी ज्या हाताने आपण लिहीत नाही तो हात राखून ठेवावा. त्या हाताच्या शिरेतून रक्त काढू देऊ नये, सलाईन लावू देऊ नये. लागलेच तर पंजाच्या मागील शिरा दाखवाव्यात. असे सांगण्यात उद्धटपणा नाही. चांगले डॉक्टर आणि परिचारिका त्याचे स्वागतच करतात. फिस्च्युला करा असे सांगितले गेले की ती करून घ्यावी. झाल्यावर त्या हातावर रक्तदाबाचा पट्टा नको, घट्ट बांगडी वा घड्याळ नको, जड ओझे नको, तो हात उशाला घेऊन निजू नये. रोज सकाळी थरथर पाहावी; ती थांबली तर उद्यावर न टाकता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

खर्चाची चिंता पूर्वीइतकी उरलेली नाही. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झालेल्या आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चाललेल्या राज्याच्या योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. केंद्राचा डायलिसिस कार्यक्रमही २०१६ पासून चालू आहे. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, त्यास आधी भेटावे. परंतु एस. टी.चे भाडे, सोबतच्या माणसाचा बुडालेला रोज, आणि परतताना गळून गेलेल्या रोग्याला धरून आणणारा हात, या गोष्टी कोणत्याही योजनेत नाहीत. तेथे समाज पाहिजे. आमची सूचना अशी की आपल्या निधीतून प्रवासखर्चासाठी एक लहान रक्कम वेगळी काढावी, आणि आपल्या तरुण मंडळाने सोबतीची पाळी लावावी. महिन्यातून एक खेप एकाने केली, तर तेरा तरुणांत एका रोग्याचे सर्व फेरे निघतात. हा हिशोब आम्ही फळ्यावर मांडून दाखविण्यास तयार आहोत.

आमचे बंधू तीन वर्षांपूर्वी गेले. शेवटपर्यंत त्यांचा दंड वाजत होता. गेले ते हृदयाच्या विकाराने. त्यानंतर कित्येक दिवस वहिनी पहाटे दिवा लावून झाला की सवयीने वळत आणि थबकत. आमच्या समाजातील दुसऱ्या कोणा वहिनीला “वाजतंय ना?” हे विचारण्याची सकाळ अधिक वर्षे लाभावी, एवढ्यासाठी हा सुईचा विषय आम्ही आपल्यापुढे आणला.